अंगावर एक, पदराला एक: दोन लहान लेकरांचं घर कसं चालवावं

धाकटं अंगावर पीत असतं, आईला उठता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच थोरलं मोरीकडे पळतं. दोन लहान लेकरांच्या घरात पडणं, भाजणं, रडारड आणि आईची चिडचिड बहुतेक वेळा याच वीस-पंचवीस मिनिटांत होते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे ही वेळही तितक्यांदा येते. म्हणून माझं सांगणं असं आहे की वेळापत्रक आणि शिस्त मागाहून बघा. आई पाजायला बसलेली असताना थोरल्याला इजा होणार नाही आणि त्याला एकटंही वाटणार नाही, अशी घराची मांडणी आधी करून घ्या. पुढची कामं मी त्याच क्रमाने लिहिली आहेत. डोळ्यांपुढे आपल्या मराठवाड्यातलीच घरं आहेत: काही दिवसांआड येणारा नळ, एप्रिल-मेचं ऊन, अंगणात टिपाडं, कोपऱ्यात फवारणीचा पंप.

आधी पाणी झाका

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना रिकामं भांडं बघवत नाही, आणि ते साहजिक आहे. पण चालायला लागलेल्या लेकराला घरातला सगळ्यात मोठा धोका भरलेल्या भांड्याचाच असतो. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. लेकरू बादलीत वाकलं की तोल जातो, डोकं खाली जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा जीव घ्यायला पुरतं. ओरडण्याचा आवाज येईल म्हणून थांबू नका, बहुतेक वेळा आवाज येतच नाही.

टिपाडाला घट्ट बसणारं झाकण हवं. नुसती ताटली ठेवून त्यावर दगड ठेवला तर तो दगडच लेकराच्या पायावर पडायचा. अंघोळ झाली की मोरीतली बादली रिकामी करून पालथी घाला. मोरीच्या दाराला कडी वरच्या बाजूला लावा, लेकराचा हात पोचणार नाही इतकी उंच. हौदावर जाळी बसवून घ्या. याला एका दुपारचं काम आणि थोडा खर्च लागतो, तो बाळाच्या बारशाच्या खर्चाआधी करा.

साठवलेल्या पाण्याचा दुसरा त्रास डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी रिकामी करून आतून घासा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. कूलरची टाकीही त्यात आली. पिण्याचं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. थोरलं पेला घेऊन हात बुडवतं आणि पुढे दोघांनाही जुलाब लागतात.

पाजायची जागा ठरवा

घरातली अशी जागा निवडा जिथे बसून बाहेरचं दार आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसतं. पाठीला भिंत असावी. बाजेपेक्षा खाली वाकळ टाकून बसलेलं चांगलं, म्हणजे थोरलं शेजारी टेकू शकतं आणि बाळ घसरून पडायची भीती राहत नाही. हाताशी पाण्याचा तांब्या, दुपटं आणि फोन ठेवा. बसायच्या आधी बाहेरच्या दाराची कडी लावा, गॅस बंद करा, थोरल्याला शू करून आणा आणि पाणी पाजा. इतकं केलं की वीस मिनिटांतल्या निम्म्या हाका कमी होतात.

आता टोपलं. एक वेगळं टोपलं करा, जे बाळ प्यायला लागल्यावरच खाली येतं आणि पिऊन झालं की वर जातं. त्यात महागडी खेळणी नकोत. झाकणाचे स्टीलचे डबे, दोन-तीन वाट्या, मोठे चमचे, जुन्या ओढणीचा तुकडा, जाड पानांचं चित्रांचं पुस्तक एवढं पुरतं. गोट्या, बटणं, नाणी, चपटे बारीक सेल यातलं काही नको. बटणासारखा सेल गिळला तर अन्ननळी भाजते, तेव्हा ताबडतोब दवाखाना. चार-आठ दिवसांनी टोपल्यातल्या दोन वस्तू बदला.

टोपल्यानेही भागलं नाही, तर आईचं तोंड मोकळंच असतं. काऊचिऊची गोष्ट रोज तीच सांगितली तरी चालते, या वयाला तीच आवडते. फोन हातात देणं सोपं आहे, पण दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि त्यानंतर दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाजताना रोज फोन मिळाला की पुढे तो जेवतानाही मागितला जातो, आणि मग सोडवणं फार जड जातं.

घरात आजी, आजोबा, काकू असतील तर एक गोष्ट आवर्जून करा. बाळ पाजायला घेतलं की थोरल्याला दर वेळी बाहेर पाठवू नका. बाळ आलं की मला घालवतात, असंच त्याच्या मनात बसतं. त्यापेक्षा पिऊन झाल्यावर बाळ आजीच्या खांद्यावर ढेकर काढायला द्या आणि मांडी थोरल्याला मोकळी करा.

जमिनीपासून कमरेपर्यंत

गुडघ्यांवर बसून घरभर एकदा फिरा. लेकराच्या उंचीवरून जे दिसतं ते आपल्याला उभं राहून दिसत नाही.

फवारणीची औषधं घरात ठेवावी लागतात हे मान्य, पण ती कुलपातच हवीत आणि मूळ डब्यातच हवीत. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत औषध, रॉकेल किंवा फरशीचं ॲसिड ओतून ठेवणं हे थांबलंच पाहिजे. लेकरू बाटली ओळखतं, आतलं काय ते ओळखत नाही. चुकून प्यालंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.

पत्र्याच्या कूलरने आपल्याकडे माणसं दगावतात. अर्थिंग तपासून घ्या, घरात ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारं बटण) बसवून घ्या, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय टाकीत पाणी ओतू नका. कूलरपुढे आडवी खुर्ची किंवा बाज लावा, ओल्या हाताचं लेकरू तिथे पोचायला नको. माळवदाच्या किंवा गच्चीच्या जिन्याला खालून आणि वरून फाटक हवं.

चूल किंवा शेगडी खाली असेल तर भोवती पाटाची आडवण करा. कढत वरण, चहा, तापलेलं दूध जमिनीवर ठेवू नका, आणि बाळ मांडीवर असताना चहा पिऊ नका. भाजलं तर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. नळ नसेल तर तांब्याने सावकाश ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका.

सकाळ

थोरल्याला आधी उरकवा. त्याचं तोंड धुणं, अंघोळ, न्याहारी झाली की ते तासभर शांत असतं, आणि त्या तासात बाळाची मालिश आणि अंघोळ आरामात होते. उलटं केलं की उपाशी थोरलं न्हाणाऱ्या आजीच्या पाठीवर चढतं.

मालिश चांगली. हात हलका हवा, बाळाचं डोकं चेपून गोल करायचं नाही. नाकात-कानात तेल सोडू नये, डोळ्यांत काजळ घालू नये, बंद खोलीत शेगडीची धुरी देऊ नये. त्या धुराने बाळाची छाती भरते. हे घरातल्या मोठ्यांना सांगताना भांडण होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचा हात आपल्याला पुढची चार वर्षं लागणार असतो. “आई, डॉक्टरांनी नाकात तेल नको म्हणून सांगितलंय, मालिश मात्र तुमच्याच हातची पाहिजे,” असं म्हटलं की बहुतेक घरांत निभतं. तीट कपाळावर लावा की, तिला कुणाची हरकत नाही.

एकच भांडं

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. परभणी-नांदेडला पारा ४३-४४ ला गेला तरी नाही. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर दूध पुरतंय. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंच्या विषाने लहान बाळाचे स्नायू ढिले पडू शकतात.

सहा महिन्यांनंतर दोघांसाठी वेगळा स्वयंपाक करत बसू नका. मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवा. तिखट-मीठ टाकण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढून तूप घालून घोटा. उरलेल्यात मीठ, हळद, कमी तिखटाची फोडणी टाकली की ते थोरल्याचं. ज्वारीच्या कण्या, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, शिजवलेला भोपळा, मेथी-पालकाची पानं घोटलेलं वरण, अंडं खात असाल तर उकडलेलं अंडं, सगळं याच रीतीने होतं. बाळाचं अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट असावं. पातळ पेजेने पोट भरतं, अंग भरत नाही. दोन-तीन चमच्यांनी सुरू करून आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर नको.

थोरल्याचं बिघडतं ते दुधाने आणि पुडीतल्या खाऊने. रोज अर्ध्या लिटरवर दूध पिणारं लेकरू भाकरीला हात लावत नाही आणि त्याचं रक्त कमी होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, १ मिली, आठवड्यातून दोनदा. ते मागून घ्या आणि लेकराच्या हाताला येणार नाही असं ठेवा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं, बिया असलेली सीताफळं, अख्खी द्राक्षं ही या वयात घशात अडकतात. शेंगदाण्याचा कूट द्या, द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. हुरडा खायला बसलं की थोरलं स्वतःही खातं आणि बाळाच्याही तोंडात प्रेमाने एक दाणा घालतं. “बाळाला आपण काही खाऊ घालायचं नाही, आधी आईला दाखवायचं,” हे वाक्य रोज म्हणा, न रागावता.

थोरलं अजून अंगावर पीत असेल तर बिघडत नाही. आधी बाळाला, मग त्याला. सोडवायचं असेल तर कडुनिंब लावून एका दिवसात तोडू नका, आधी दुपारचं बंद करा, मग रात्रीचं.

थोरल्याचं मन

यावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. बाळाला दूध आणि ऊब मिळाली की भागतं. ज्याचं घर एका रात्रीत बदललं ते लेकरू मात्र स्वतः जेमतेम दोन-अडीच वर्षांचं असतं आणि त्याच्याकडे सांगायला शब्द नसतात. मग ते परत चड्डीत शू करतं, बोबडं बोलतं, मलाही झोळीत घाल म्हणतं, बाळाला चिमटा काढतं. हे सगळं नेहमीचं आहे, आणि बहुतेक लेकरांत काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतं.

आपल्याकडे येणारा-जाणारा लेकराला म्हणतो, “आता तुझी आई बाळाची झाली, तुला कोण घेणार?” माणसं गमतीने म्हणतात, पण लेकराला ते खरं वाटतं. असं बोलणाऱ्याला तिथेच थांबवा, मग तो मामा असो की शेजारच्या काकू. लेकराला जवळ घेऊन सगळ्यांसमोर म्हणा, “आई दोघांची आहे.”

बाळाला मारलं तर त्याचा हात धरा आणि शांतपणे सांगा, “बाळाला लागतं, मी मारू देणार नाही.” त्याला उलट चापट मारू नका. मारून काय शिकवणार, तर मारायचंच. बाळ झोपल्यावर “हळू, बाळ झोपायलंय” एवढं सांगणं ठीक, पण दिवसभर घर कुजबुजतं ठेवू नका. थोड्या आवाजात झोपायची सवय बाळालाही लागू द्या.

रोज दहा मिनिटं फक्त थोरल्याची ठेवा. बाळ बाबाकडे किंवा आजीकडे, फोन लांब, आणि खेळ ते सांगेल तो. वेळ ठरलेली असावी, संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणा. दिवसभरात “थांब” ऐकावं लागलेल्या लेकराला ही वेळ येणार आहे हे माहीत असलं की ते खरोखर थांबतं.

दोघं एकदम रडली तर? आधी कोणाला इजा झालीये का ते बघा. कुणालाच नसेल तर मी म्हणेन, आधी थोरल्याला जवळ घ्या, एक मिनिट. बाळाला ते मिनिट कळत नाही, थोरल्याला कळतं. मग दोघांना घेऊन बसा.

आणि थोरली मुलगी असेल तर एक विनंती. “तू ताई आहेस ना” म्हणत तीन वर्षांच्या पोरीवर बाळ सोपवू नका. दुपटं आणून दे, टॉवेल धर, एवढं काम तिला आवडेल. बाळाला उचलणं, झोका देत बसणं, बाळ राखणं हे तिचं काम नाही. तीही अजून लेकरूच आहे.

दुपार आणि रात्र

उन्हाळ्यात अकरा ते चार बाहेर नको. बाळाला एक सुती झबलं पुरे; कुंची, टोपरं, पायमोजे मेमध्ये काढून ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका आणि एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साठून घामोळं वाढतं. पावडर थापू नका, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने अंग पुसा. थोरल्याला पाणी, ताक, पन्हं थोडं थोडं देत राहा. अंग तापलेलं, लेकरू मलूल, आणि कित्येक तास लघवी नाही, असं झालं तर अंग ओलं करत दवाखान्यात न्या.

दोघांची दुपारची झोप एकत्र आणायचा प्रयत्न जरूर करा. थोरल्याची वेळ धरून ठेवा, जेवण झालं की अंधार करा, आणि त्याच्या झोपेच्या वेळी बाळाला पाजा. रोज जमणार नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी भांडी राहू द्या आणि आईने झोपावं.

झोळीची दोरी आणि वरचा हूक दर काही दिवसांनी तपासा. थोरल्याने झोका ओढायचा नाही हा नियम पक्का ठेवा, आणि बाळ झोळीत असताना खोलीत मोठं माणूस हवं. रात्री बाळाला पाठीवर, कडक अंथरुणावर, उशीशिवाय झोपवा. बाळ आणि थोरलं शेजारी-शेजारी नको, मध्ये आई हवी. झोपेत थोरल्याचा हात-पाय किंवा पांघरूण बाळाच्या तोंडावर येतं.

शेतात आणि रस्त्यावर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर शेतात जातं, लेकरांनीही जावं. पण पंगत मांडायच्या आधी विहीर आणि शेततळं कुठे आहे ते बघा आणि थोरल्यावर एका माणसाचं नाव घालून द्या. “सगळे आहेत की” म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं. शेततळ्याचा प्लास्टिक कागद निसरडा असतो, आत पडलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

शेतात काय, घरात काय, अंथरूण झटकूनच टाका, चपला आपटून घाला. विंचू चावला तर पाला-मंत्रात वेळ घालवू नका. लहान मुलांत त्याचं विष हृदयावर जातं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवले आणि ते उपचार जगभर गेले. औषध आहे, वेळेत दवाखान्यात पोचणं आपल्या हातात आहे.

मोटारसायकलवर नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम आहे. दोन लेकरं आणि दोन मोठे एका गाडीवर नकोतच. एसटीने जा.

दुखणं आणि कार्ड

जुलाब लागले की ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, ते पाणी चोवीस तासांत संपवा. दोन वर्षांच्या आतल्याला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी थांबू नका. श्वास मोजायला शिका: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल किंवा झटका आला असेल तर लगेच निघा.

दोघांची माता-बाल संरक्षण कार्डं एकाच पिशवीत ठेवा. बाळाच्या लसी सहा, दहा, चौदा आठवड्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतात. थोरल्याचे बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत. दोघांचं एका फेरीत जमतंय का ते आशाताईंना विचारा. अंगणवाडीत नाव घातलं की सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो आणि वजन मोजलं जातं. दुसरं अपत्य मुलगी असेल तर मातृवंदना योजनेत ६००० रुपये मिळतात, त्याचीही चौकशी करा.

आई

बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आईलाच घ्यायच्या आहेत, त्या डब्यात पडून राहतात. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं ही रीत निदान दूध पाजत असेपर्यंत मोडा; पाजणाऱ्या आईचं ताट आधी वाढा. तिसऱ्यांदा दिवस जायची वाट न बघता बाळंतपणानंतर दोन महिन्यांच्या आत गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी बोला. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत असं नसतं.

बाबांनी “मदत” करायची वाट बघू नये, दोन कामं पूर्ण अंगावर घ्यावीत. माझ्या मते थोरल्याची रात्र आणि पाण्याची भरणी-साफसफाई ही दोन. पूर्ण म्हणजे आईला आठवण करून द्यावी लागणार नाही अशी. दोन आठवड्यांवर रोज रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर ते आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तो दिवसरात्र मराठीतही चालतो. घरच्यांपैकी कुणीतरी तो लावून फोन आईच्या हातात द्यावा आणि ती बोलेपर्यंत दोन्ही लेकरं बाहेर ओसरीवर घेऊन बसावं.